कपलिंगला खोबरेल

परवा व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी विचारलंत की आजीच्या मागे भिंतीला ते काळं वेटोळं कसलं लटकतंय. मी म्हटलं, पाईप. तुम्ही म्हणालात, बैठकीच्या खोलीत? तेवढ्यात तुमच्याकडचं नेट गेलं की आमच्याकडचं, ते कळलं नाही आणि उत्तर अर्धवट राहिलं. मला अर्धवट काही ठेवता येत नाही. तुमच्या बाबाच्या शाळेच्या वह्यांना मी शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत क्रमांक घालत असे. तेव्हा उत्तर लिहूनच पाठवते. मोठीने धाकट्याला वाचून दाखवावं. शब्द अडले तर बाबाला विचारावेत, आणि त्यालाही अडले तर मला गुपचूप कळवावं.

तुमच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला आहे. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, यांची फरशी घालायची राहून गेली. आमच्या साताऱ्यात गालिचा असतो तो मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, नाहीतर मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये. त्यावर सगळं गाव पाय पुसून जातं, पण तो धुवायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तुमच्या आत्याच्या डोक्यात आलं. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती परत आली आणि गालिचे, सोफे धुण्याचं यंत्र घेतलं. चाकांवरची निळी टाकी, तिच्यात पंप. पंप साबणाचं गरम पाणी जोरात एका पाईपमधून पुढे ढकलतो, पुढच्या दांड्यातून ते गालिच्यावर फवारलं जातं, आणि दुसऱ्या जाड नळीतून मळकं पाणी परत ओढलं जातं. काळ्या चहासारखं. ते पाणी एकदा पाहिलं की माणूस लग्नाला जाऊन मांडी घालून बसत नाही.

पाईपच्या एका टोकाला पितळी कपलिंगची, म्हणजे जोडणीची, मादी असते आणि दुसऱ्या टोकाला नर. हे शब्द माझे नाहीत, दुकानदाराचे आहेत. मी नन्सच्या शाळेत शिकलेली बाई, मला वाटलं हा माणूस चावट आहे. मग यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचलं, तर त्यातही तेच. पुस्तकात आहे म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. मादीवर एक सरकती कडी असते. ती मागे ओढायची, नर आत घालायचा, कडी सोडायची. टक्. आता कितीही जोराचं पाणी आलं तरी सुटत नाही. काम झालं की पंप बंद करायचा, दांड्याचा खटका दाबून आतलं उरलेलं पाणी सोडायचं, कडी मागे ओढायची, दोन सेकंदात मोकळं. एवढी साधी गोष्ट आहे. साध्या गोष्टी बिघडवायला शिकलेलं माणूस लागतं.

आता खरं सांगायचं तर मला आत्याच्या या कामाची लाज वाटायची. कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी इंग्रजीत सांगायची की ती फॅब्रिक केअरमध्ये आहे. इंग्रजी शिक्षणाचा हा मोठा फायदा असतो, कशावरही चादर घालता येते. तुमच्या आजोबांना लाज वाटत नव्हती, पण त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेच्या कार्यालयात तिच्यासाठी बसून करायची नोकरी बघून ठेवली होती. शेवटी बापलेकीचा करार झाला. या लग्नसराईत एखादं मोठं मंगल कार्यालय कायमचं मिळालं तर यंत्र राहील, नाही मिळालं तर यंत्र विकायचं आणि नोकरीला लागायचं. करार चहा पिताना झाला. मी साक्षीदार होते. मनातून मी कुणाच्या बाजूला होते ते तुम्ही ओळखलं असेल.

मार्गशीर्षात आत्याला कवठे महांकाळच्या एका मंगल कार्यालयातून बोलावणं आलं. मालक फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी आधी परीक्षा म्हणून दोन सोफे धुऊन घेतले. सोफे पसंत पडले. मग म्हणाले, आठ दिवसांनी घरच्याच पुतणीचं लग्न आहे, स्टेजवरचा मोठा गालिचा धुऊन द्या. तो मनासारखा झाला तर पुढे वर्षभर तुम्हीच. आत्या त्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याला परतली ती गाणं गुणगुणत. एरवी ती काम झाल्यावर पाईपमधून साधं पाणी सोडून तो धुते, टोकं पुसते आणि वेगवेगळी ठेवते. त्या दिवशी ती पाईप बाहेरच्या खोलीत टाकून सरळ अंघोळीला गेली.

आणि पाईप माझ्या पुसलेल्या फरशीवर थेंब थेंब गळायला लागला.

मी तो उचलला, त्याचं नीट वेटोळं केलं, आणि माझ्या लक्षात आलं की याची दोन टोकं एकमेकांतच बसतात. म्हणजे थेंब नाही, धूळ नाही, लोंबकळणं नाही. पण घालताना जरा कुरकुरलं. आता आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच औषध आहे. दाराची कडी, शिवणयंत्र, आजोबांचा गुडघा, बोटात रुतलेली अंगठी, सगळ्यांना खोबरेल. तुमच्या बाबाचं डोकं लहानपणी कोयनेच्या क्वार्टरच्या गजांत अडकलं होतं, तेही खोबरेलानेच निघालं. (त्याला विचारू नका. विचाराच.) मी दोन्ही टोकांना चांगलं चमचाभर तेल चोळलं आणि दाबलं. टक्. मला फार समाधान झालं. डब्याला त्याचंच झाकण लागल्यावर होतं तसं.

आत कवठे महांकाळच्या बोअरचं पाणी होतं. त्या पाण्यात वरण शिजवलं तर पातेलं आतून चुना दिल्यासारखं दिसतं. त्यात साबण होता, बाहेरून माझं तेल, आणि वर साताऱ्याची थंडी. आठ दिवस.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी निघायचं, तर आत्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईंना ताप आला. म्हणून आजोबा आणि मी बदली कामगार म्हणून गाडीत बसलो. वय बघता आमची भरती कुठल्याच खात्यात झाली नसती. पाईप गाडीत ठेवायला मीच विरोध केला. तो माझ्या शालीला लागत होता. तो टपावरच्या कॅरिअरवर बांधला, गोल, हार घातल्यासारखा. आत्या यंत्र चढवण्याच्या नादात होती, तिने पाहिलं नाही की हाराची टोकं जोडलेली आहेत.

कराडला मिसळ खायला थांबायचं नाही असं आत्याने बजावलं होतं. आजोबांनी उभ्या उभ्या खाल्ली, म्हणजे ते थांबणं धरलं जात नाही. विटा मागे पडलं, ऊस विरळ झाला, बाभळी आल्या, आणि एका वळणावर मेंढरांचा कळप रस्ताभर पसरला. आत्याने हॉर्न वाजवला. काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला मेंढपाळ म्हणाला, "आवं ताई, कशापायी वाजवताय? मेंढरं हायती ती. तेंच्या बाला कळत न्हाई हारन म्हंजी काय."

"काका, लग्नाचं काम आहे, जरा लवकर."

"मग आमी काय मयताला निगालोय व्हय? जातील की."

ती गेली, पण अर्ध्या तासाने. आणि आमच्या डोक्यावर तो काळा, बंद, पाण्याने भरलेला पाईप उन्हात छान भाजत राहिला.

सव्वादहाला पोचलो. सुभेदार कार्यालयाच्या पायरीवर उभे होते. पांढरा स्वच्छ शर्ट, गुलाबी फेटा, मिशा अशा की त्यांनाही रोज कवायत करावी लागत असावी. घड्याळ दाखवून म्हणाले, "धाचा टाईम दिला हुता, ताई."

"मेंढरं आडवी आली."

"मेंढरं आमच्याकडं रोजच आडवी येत्यात. आमी पंधरा मिंटं आदी निगतो." मग आजोबांकडे बघून, "रामराम सायेब. वैनी, या. च्या घेऊन सुरू करा. पाचला हळद हाय, ह्याच स्टेजवर. पाचला गालिचा हातरून, सुका पायजे. वलाव्यावर नवरी बसली आन् शिंकली तर माजी भावजय मला गोळी घालंल."

गालिचा लाल होता म्हणतात. मला तो मठ्ठा, जिलबीचा पाक, गुलाल आणि अक्षता यांचा इतिहासग्रंथ वाटला. आत्याने यंत्र लावलं, पाणी तापत ठेवलं, आणि पाईप खाली उतरवून टोकं शोधायला लागली. सापडेनात. तिने वेटोळं फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तिचा हात जोडावर थांबला.

"हे कुणी जोडलं?"

मी चहाच्या कपात बघत होते.

तिने कडी मागे ओढली. हलेना. फडकं धरून ओढली. हलेना. आजोबा उठले. तुमच्या आजोबांची तीस वर्षं कोयनेच्या प्रकल्पावर गेली आहेत. पाण्याबद्दल काहीही निघालं की ते असे उठतात की जणू धरणाचं दार उघडायला कुणीतरी त्यांचीच वाट बघत होतं. "बाजूला हो," म्हणाले, आणि हत्यारांच्या पेटीतून सगळ्यात मोठी पकड घेतली.

"बाबा, पकड नको. कडी चेपली तर कायमची गेली. आत प्रेशर आहे."

"पंप बंद आहे. प्रेशर कुठून येईल?"

"बंद पाईप सकाळपासून उन्हात होता."

"मला पाण्याचं प्रेशर शिकवू नकोस. मी कोयनेला—"

"तिथे दारं तुम्ही पकडीने उघडायचा?"

आजोबांनी पकड लावली. पितळेवर एक लांब ओरखडा उठला, बाकी काही झालं नाही. मग ते म्हणाले, करवतीने मधून कापू. आत्या म्हणाली, कापला तर तो पंचवीस फुटांचा एक निकामी पाईप होईल, आणि या मापाचं कपलिंग मिरजेतही मिळत नाही, मागवावं लागतं. आजोबांनी पेटीचं झाकण लावलं. त्या आवाजात मला ऐकू आलं की यंत्र विकलं गेलं.

इथे मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. त्या क्षणी, एका श्वासापुरतं, मला बरं वाटलं. वाटलं, चला, आता ती पंख्याखाली खुर्चीवर बसेल, आणि कुणी विचारलं तर मला चादर घालावी लागणार नाही. मग मी तिचे हात पाहिले. दोन्ही तळव्यांवर कडीचे लाल वळ उठले होते आणि ती तरीही ओढत होती. माझं बरं वाटणं तिथेच संपलं, आणि मला माझाच राग आला.

सुभेदार जवळ आले. खाली वाकले. पाईपाला नाक लावलं.

"ताई, मशीन लय झ्याक हाय, पर ह्या पाईपाला खोबरेलाचा वास कसा काय?"

आत्याने जोडावर बोट फिरवून हुंगलं.

"वैनी," ते माझ्याकडे वळले, "पाईपाला न्हाऊ घातला व्हय?"

फौजेत यांना नक्की कोणत्या कामावर ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. टोकं मी जोडली. तेल मी घातलं. टपावर बांधायला मी लावलं. क्रमाने सांगितलं, कारण मला गोष्टी क्रमानेच सांगता येतात.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "आई, मुद्दाम केलंस?"

सुभेदारांनी लगेच छताकडे बघायला सुरुवात केली. आजोबा पकड पुसायला लागले.

"मुद्दाम नाही," मी म्हणाले. "मुद्दाम केलं असतं तर इतकं नीटनेटकं बिघडलं नसतं. तुझी नोकरी व्हावी असं मला वाटत होतं, ते खोटं नाही. पण हे मी फरशीसाठी केलं."

तिच्या नाकातून एक आवाज आला. हसू नव्हतं, पण हसण्याच्या गावाला जाणारा रस्ता होता. "फरशीसाठी," ती म्हणाली. "बाबा, ऐकलंत? फरशीसाठी."

"मी पस्तीस वर्षं ऐकतोय," आजोबा म्हणाले. "मला घरात चप्पल काढून पाय पण काढून ठेवायला सांगते."

मग मी विचार करायला लागले, जे मी आठ दिवसांपूर्वी करायला हवं होतं. नन्सनी मला उष्णतेने धातू फुगतो हे सुंदर इंग्रजीत शिकवलं होतं. माझ्या सासूबाईंनी तेच एक शब्द न बोलता शिकवलं. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की त्या आतल्या पेल्यात गार पाणी ओतायच्या, बाहेरचा गरम पाण्यात धरायच्या, आणि पेले आपण होऊन सुटायचे. पेल्यांना कुणी पकड लावत नाही.

"गार आणि गरम," मी म्हणाले. "दोन्ही एकदम हवं."

आत्याच्या लगेच लक्षात आलं. आम्हा दोघींना एकमेकींचं म्हणणं पटकन कळतं, फक्त ते मान्य करायला वेळ लागतो. ती म्हणाली, "पाईप गार करायचा म्हणजे आतला दाब उतरेल. आणि कडी तेवढी गरम करायची, म्हणजे साबणात चिकटलेलं तुझं तेल सुटेल. आणि बोअरच्या पाण्याचा खार धरलाय, त्याला?"

"लिंबू."

सुभेदारांनी आचाऱ्यांना हाक मारली तीच अशी की मागच्या अंगणातली कुत्री उठून उभी राहिली. "कडकडीत पाणी आना! लिंबं आना! आन् लाटनं आना!" लाटणं मी मागितलं होतं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या कबुलीजबाबानंतर त्यांना कशाचंच नवल उरलं नसावं.

कार्यालयाच्या मागे सावलीत सिमेंटची मोठी टाकी होती. सगळा पाईप त्यात बुडवला आणि जोड तेवढा वर धरला, पाण्यात उतरलेल्या म्हशीचं तोंड वर असतं तसा. आजोबा टाकीत हात घालून पाईप खाली दाबून बसले. त्यांना शेवटी पाणी अडवायचं काम मिळालं होतं. पंधरा मिनिटांत पाईप हाताला मऊ लागायला लागला. मग मी नराच्या मुळाशी गार फडकं गुंडाळलं, आणि कडीवर डावाने लिंबाचं कडकडीत पाणी सोडत राहिले. थोडं पाणी, मग लाटण्याने सगळीकडून हलकं टकटक, मग पुन्हा पाणी. ठोकायचं नाही, अंड्याला चीर पाडतो तेवढंच. जोडातून आधी तेलाचा तवंग आला, मग पांढरट गढूळ काहीतरी. वास असा की मुंजीच्या घरात कुणीतरी भांडी घासतंय.

मी कडीला हात घातला आणि ओढायला लागले.

"आई, ओढू नकोस." आत्याने माझा हात धरला. "ओढलं की नराला धरून ठेवणाऱ्या आतल्या बारीक गोळ्या आणखी घट्ट रुततात. आधी आत ढकल."

"सोडवायचंय ना?"

"सोडवायचंय म्हणूनच. तू तुझ्याकडून माझ्याकडे ढकल, मी माझ्याकडून तुझ्याकडे. मग मी कडी मागे घेते."

आम्ही समोरासमोर उकिडव्या बसलो. माझे गुडघे वाजले, ते सुभेदारांनाही ऐकू गेले असतील. ढकललं. काही नाही. आणखी ढकललं. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता, कपाळावर घाम. इतक्या जवळून मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "आणखी," ती म्हणाली. आत कुठेतरी करकर असा बारीक आवाज झाला, वाळलेल्या भाताची खरवड सुटते तसा. तिने कडी मागे घेतली.

सुटलं. आजोबांनी काय झालं ते पाहायला नेमका त्याच वेळी टाकीतून एक हात काढला, आणि पाईप उसळून वर आला. आत थोडासा दाब अजून होता. साबणाच्या पाण्याची एक चिळकांडी उठली आणि सुभेदारांच्या गुलाबी फेट्यावर जाऊन बसली.

ते तसेच ताठ उभे राहिले. मिशीवरून एक थेंब खाली आला.

"हळद पाचला," ते म्हणाले, "आन् माजी आंगूळ आत्ताच."

"माझ्या पकडीनेच निम्मं ढिलं झालं होतं," आजोबा म्हणाले.

अजून एक भानगड उरली होती. मादीच्या आत रबराची एक बारीक रिंग असते, तिच्यामुळे पाणी गळत नाही. माझ्या तेलाने ती रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती. तेल आणि रबर यांचं वैर असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. आत्याने पेटी उपसली. तळाशी एक छोटी पिशवी होती, तिच्यावर माझ्या अक्षरात इंग्रजी चिठ्ठी: काळ्या रिंगा, लहान, उपयोग अज्ञात. तिने ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर धरली, नुसतीच. मग नवी रिंग बसवली, तिला तिच्या खास ग्रीसचा तिळाएवढा ठिपका लावला, आणि पाईप यंत्राला जोडला. टक्.

साडेअकराला पंप सुरू झाला. मी सोफ्यांमागची धूळ काढली, आजोबांनी काळं पाणी बादल्यांनी बाहेर नेलं, आणि दर बादलीला त्यांनी आम्हाला त्याचा रंग सांगितला. आत्या हातभर हातभर पुढे सरकत होती. तिच्या मागे गालिचा लाल निघत होता. खरोखरच लाल होता. कडेला वेलबुट्टीही होती, ती सुभेदारांनाही आठवत नव्हती. तिकडची कोरडी हवा एरवी ओठ फोडते, त्या दिवशी ती आमच्या बाजूने होती. सगळी दारं उघडी टाकली, पंखे लावले आणि चारला गालिचा हाताला कोरडा लागला.

सुभेदारांनी हात लावला नाही. ते आत गेले आणि पायांत कोरे पांढरे मोजे घालून आले. चपला काढल्या. स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वळले, परत आले. मग खुर्चीवर बसून एक पाय वर घेतला आणि तळवा उजेडाकडे धरून बघितला. मग दुसरा. आत्या उभी होती. तिचे हात मागे होते, पण मला मागून दिसत होतं की बोटं एकमेकांत अडकली आहेत.

त्यांनी तळवा तिच्याकडे वळवला. मोजा पांढराच होता.

"पास," ते म्हणाले. "वरीसभर तुमीच, ताई. पर येक हुकूम. वैनीचं त्याल साताऱ्यातच ऱ्हाऊं द्या."

परतताना विटा आलं. मग आत्या म्हणाली, "बाबा, त्या नोकरीला नाही म्हणून कळवा."

"कळवतो." थोड्या वेळाने, "उद्या कळवतो." आणि आणखी थोड्या वेळाने, "कराडला थांबायचं का?"

थांबलो. तिघांनीही बसून खाल्ली.

एका श्वासापुरतं मला बरं वाटलं होतं, हे मी आत्याला अजून सांगितलेलं नाही. हा मजकूर तिच्याच कॉम्प्युटरवर टाईप करते आहे, तेव्हा तिला कळेलच. कळू दे.

तर भिंतीवरचं वेटोळं ते हे. आता पाईप घरी आला की माझ्या ताब्यात येतो. आधी साध्या पाण्याने आतून धुते. मग टोकं कोमट पाण्यात लिंबू पिळून बुडवते, जुन्या दातांच्या ब्रशने कडीच्या मागची फट घासते, कडी चार वेळा पुढेमागे करून बघते, रिंगेवर बोट फिरवते. चीर दिसली तर नवी. तेल नाही. मग पाईप खिळ्यावर, दोन्ही टोकं मोकळी, खाली लोंबती, खाली एक वाटी. वाटीत थेंब पडतात. मला त्याचा अजून त्रास होतो, पण मी सहन करते.

मागच्या आठवड्यात माझी एक मावसबहीण आली होती. तिने आधी वाटीकडे पाहिलं, मग पाईपकडे, मग मला विचारलं, "मुलगी हल्ली काय करते?"

"गालिचे धुते," मी म्हणाले. "आणि तिची कपलिंगं मी बघते."

"कपलिंग म्हणजे?"

मी पाईप खाली काढला, दोन्ही टोकं तिच्या मांडीवर ठेवली, आणि नन्सची मनातल्या मनात क्षमा मागून, कुठलं कोण आहे ते तिला शुद्ध मराठीत सांगितलं.